चष्मा नेमका कुणाच्या डोळ्यांत खुपतो?

तुळशीची लग्नं लागली की आमच्या नळदुर्गात पाहुण्यांची ये-जा सुरू होते. मुली बघायला येणाऱ्या पाहुण्यांची. मागच्या वर्षी माझ्या थोरल्या भावाच्या घरी असेच पाहुणे येऊन गेले. मुलगा पुण्यात नोकरीला. पोहे झाले, चहा झाला. शिक्षण, पगार, शेती, मामाकुळी, सगळं बोलून झालं. निघताना मुलाची आई माझ्या वहिनीला पडवीत बाजूला घेऊन म्हणाली, "पोरगी नाकीडोळी चांगली हाय. तेवढं चष्म्याचं बघा. आता लेसर निघालंय म्हणं, पाच मिन्टात जातो."

मुलगा स्वतः चष्मा लावून बसला होता. सोनेरी काडीचा. त्या चष्म्याबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. पाहुणे गेल्यावर माझा भाऊ कौतुकानं म्हणाला, "मुलगा अभ्यासू दिसतो."

त्याच रात्री लेसरचा हिशोब सुरू झाला. सोलापूरच्या एका दवाखान्यात फोन लावून विचारलं तर दोन्ही डोळ्यांचे पंचावन्न हजार सांगितले. भाऊ म्हणाला, "लग्नाच्या खर्चात धरून टाकू. मंगळसूत्र थोडं कमी करू." माझी भाची, जिच्या डोळ्यांबद्दल हे चाललं होतं, ती तिथंच भाजी निवडत बसली होती. तिला कुणी विचारलं नाही.

आणखी एक बाई तिथं बसली होती आणि तिलाही कुणी विचारलं नाही. ती माझी आई. तिच्या उजव्या डोळ्यात दोन वर्षांपासून मोतीबिंदू. डावाही हळूहळू धूसर होत चाललेला. गहू निवडायला बसली तर खडे तसेच राहत, उंबऱ्याला ठेचाळायची, समोरून कोण आलं ते आवाजावरून ओळखायची. विषय निघाला की "पिकू द्या, मग बघू" असं घरातले म्हणायचे. ती स्वतःच म्हणायची, "मला आता काय बघायचंय? पोरीचं बघा आधी."

एकाच घरातल्या दोन बायका, चार डोळे. दोन डोळ्यांना चष्मा लावून सगळं स्वच्छ दिसतं, त्यांच्यासाठी पंचावन्न हजार एका रात्रीत निघतात. दोन डोळ्यांना दिसेनासं झालंय, त्यांच्यासाठी दोन वर्षांत सवड निघत नाही. मैत्रिणींनो, ही गोष्ट मला त्या रात्री झोप येऊ देईना. म्हणून हे लिहिते आहे.

आधी माझं सांगते, म्हणजे मी काही तटस्थपणे बोलत नाही हे तुम्हाला कळेल. मला सातवीत चष्मा लागला. फळ्यावरचं दिसत नव्हतं आणि मी शेजारणीच्या वहीत बघून लिहीत होते, हे बाईंच्या लक्षात आलं. चष्मा लावून पहिल्यांदा किल्ल्यात गेले, उपळी बुरुजावर चढले, तेव्हा चिंचेच्या झाडाला वेगवेगळी पानं असतात हे मला कळलं. तोवर मला झाड म्हणजे एक हिरवा ढग वाटायचा. शाळेत 'ढापणी' म्हणायचे, 'बॅटरी' म्हणायचे. त्याचं एवढं काही वाटलं नाही. वाटलं ते पुढं, मला बघायला आले तेव्हा. आतल्या खोलीत मावशीनं चष्मा काढून घेतला आणि मग मला बाहेर पाठवलं. समोर एक पांढरा शर्ट होता, एवढंच मला दिसलं. त्या शर्टाला मी होकार दिला. लग्नातही चष्मा नव्हता. अंतरपाट दूर झाला तरी माझ्यापुढचा पडदा तसाच होता. हे मी गमतीनं सांगते आणि बायका हसतात. पण हसून झालं की त्यांतली एखादी हळूच म्हणते, "माझंही असंच." आपल्यापैकी कितीजणींनी आपला नवरा पहिल्यांदा नीट पाहिला तो लग्नानंतर, चष्मा परत हातात पडल्यावर?

म्हणजे चष्मा लपवणं जुनंच आहे. लेसर नवं आहे. पूर्वी चष्मा तासाभरासाठी काढून ठेवायचे, आता कायमचा काढता येतो. मग यात वाईट काय, असं कुणी म्हणेल. भाचीनंही मला तेच विचारलं.

मी तिला घेऊन किल्ल्यात गेले होते. घरात बोलता येत नाही म्हणून. बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहानं, म्हणजे दुसऱ्या इब्राहिमानं, 1613 साली बांधून घेतलेलं धरण आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल आमच्या गावाची शान. तिथं एक फारसी शिलालेख आहे. हा महाल पाहून मित्राचे डोळे उजळतील आणि शत्रूच्या डोळ्यांपुढं अंधारी येईल, अशा अर्थाचा. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही तो कौतुकानं सांगतो. त्या भिंतीवर टेकून मी भाचीला माझं भाषण ऐकवलं. चष्म्यात कमीपणा कसला, जो तुला चष्म्यासकट नाकारतो तो उद्या आणखी कशाकशावरून नाकारेल, वगैरे. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत्या, तुझा नंबर अडीच आहे. माझा साडेपाच. सकाळी उठल्यावर चष्मा सापडेपर्यंत मी आंधळी असते. पावसात गाडी चालवताना काचा पुसू का हँडल धरू? भाकरी करताना वाफ येते, खेळताना पडतो, उन्हाळ्यात नाकावर घट्टे पडतात. मलाही हा चष्मा नकोय. पण त्या पाहुण्यांसाठी नाही. आणि तुला चष्मा आवडतो म्हणून मी तो मिरवत बसायचा, हेपण नाही."

मी गप्प झाले. खरं सांगायचं तर मला लागलं. आपण चळवळीतल्या बायका कधीकधी मुलींच्या डोक्यावर नवी बंधनं ठेवतो आणि त्यांना तत्त्व म्हणतो. काजळ लावू नको, केस असे ठेव, चष्मा अभिमानानं घाल. मुलीचं शरीर म्हणजे कुणाचाही फलक नाही. सासूच्या पसंतीचा नाही, तसा आत्याच्या विचारांचाही नाही. मग आम्ही दोघींनी ठरवलं की आधी हे लेसर म्हणजे काय ते समजून घ्यायचं आणि मग बोलायचं. जे कळलं ते इथं देते, कारण आमच्या भागात या शस्त्रक्रियेबद्दल 'पाच मिन्टात जातो' यापलीकडं फारसं कुणी बोलत नाही.

दूरचं न दिसणं, म्हणजे वजा नंबर, हा बहुतेक वेळा डोळा थोडा लांबट वाढल्यामुळं येतो. बाहेरचं चित्र मागच्या पडद्यावर पडायच्या ऐवजी त्याच्या अलीकडं पडतं. लेसर डोळ्याची ही लांबी कमी करत नाही. डोळ्याच्या अगदी पुढं जो काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, पारपटल, त्याचा आकार लेसरनं बदलतात. त्यातला थोडासा भाग काढून तो चपटा करतात. हा पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. नंबर जितका जास्त तितका जास्त भाग काढावा लागतो, आणि काढलेला भाग परत येत नाही. लॅसिकमध्ये वरचा पातळ पापुद्रा उचलून खाली लेसर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. पीआरके नावाच्या जुन्या पद्धतीत पापुद्रा न करता वरूनच मारतात, त्यात दुखतं जास्त आणि बरं व्हायला वेळ लागतो. स्माइल म्हणून आणखी एक पद्धत आहे, तिच्यात छोट्या चिरेतून आतला भाग काढतात. खुद्द लेसरचं काम खरोखरच मिनिटांचं. ज्या लेसरनं हे करतात त्यानं मांस-हाड न भाजता, न जळता सुबक कापता येतं, हे 1981 साली अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं. ते शोधणाऱ्या तिघांत मद्रासेत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन होते, आणि पहिला प्रयोग त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या हाडावर केला होता. भाचीला ही गोष्ट फार आवडली. आपल्याला काय, शिळ्या भाकरीचा कुटका करण्यापलीकडं काही सुचत नाही!

आता धोक्यांचं. मी घाबरवणार नाही, कारण ही शस्त्रक्रिया जगभर लाखो लोकांनी करून घेतली आहे आणि बहुतेक जण समाधानी आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं तिथल्या इतर सरकारी संस्थांबरोबर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. त्यात 95 टक्क्यांहून जास्त लोकांनी आपल्या नजरेबद्दल समाधान सांगितलं. पण त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट आहे. ज्यांना आधी काहीही त्रास नव्हता अशांपैकी 46 टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी नजरेचं काही ना काही नवं लक्षण जाणवलं. दिव्याभोवती वलय दिसणं, किरण फुटल्यासारखं दिसणं, दोन-दोन दिसणं. आणि ज्यांचे डोळे आधी कोरडे नव्हते त्यांतल्या 30 टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणाची लक्षणं सुरू झाली. बहुतेकांचं रोजचं काम त्यामुळं अडलं नाही. पण आमच्या गावावरून सोलापूर–हैदराबाद महामार्ग जातो. रात्री समोरून ट्रकचे दिवे अंगावर येतात. त्या दिव्यांभोवती वलयं दिसत असतील तर गाडी चालवणारीला ते आधी माहीत असायला हवं. राशीच्या दिवसांत तुरीची धूळ डोळ्यांत जाते, चुलीचा धूर असतो. कोरड्या डोळ्यांना हे कसं सोसेल, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माहितीपत्रकात नसतो.

काही जणींनी ती करून घेऊच नये. पारपटल पातळ असेल, किंवा त्याचा आकार शंकूसारखा होत जाण्याचा आजार असेल किंवा तशी चिन्हं असतील, तर नाही. अठरा वर्षांच्या आत नाही. गेल्या वर्षभरात नंबर हलला असेल तर नाही, थांबायचं. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नाही, कारण त्या काळात नंबर तात्पुरता बदलू शकतो आणि डोळ्यांचा ओलावाही. डोळ्यांत लेन्स घालणाऱ्या मुलींनी मोजमापाच्या आधी त्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर मोजमापच चुकीचं येतं. किती दिवस ते डॉक्टर सांगतील, पण 'परवा मोकळी आहे, उरकून टाकू' असं हे काम नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे आम्हाला विचारल्याशिवाय कुणी सांगितलं नाही. डोळा लांबटच राहतो. म्हणजे मोठ्या वजा नंबराबरोबर मागच्या पडद्याला जो धोका असतो, तो फाटण्याचा, सुटण्याचा, तो लेसरनंतरही तसाच राहतो. चष्मा गेला म्हणून डोळे तपासायला जायचंच बंद केलं, असं होता कामा नये. डोळ्यापुढं अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं, तर लेसर झालेलं असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

चाळिशीचंही तसंच. लेसर केलेल्या बाईला चाळिशी चुकत नाही. उलट माझ्यासारखी वजा नंबरवाली बाई चाळिशीनंतर चष्मा काढते आणि सुई ओवते, तांदळातला खडा वेचते. लेसर करून दूरचा नंबर शून्यावर आणला की ही सोय जाते, जवळचा चष्मा घ्यावाच लागतो. बावीस वर्षांच्या मुलीला हे आज महत्त्वाचं वाटणार नाही, ठीक आहे. पण 'कायमचा चष्मा गेला' असं जे सांगतात, ते पंधरा-वीस वर्षांपुरतं असतं एवढं तरी सांगावं.

आता हे सगळं लग्नाच्या हिशोबाशी ताडून पाहा. वहिनी म्हणाल्या होत्या, बोलणी जमली की लेसर, पंधरा दिवसांनी साखरपुडा. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नसतं, डोळे चोळायचे नसतात, काजळ-बिजळ काही दिवस बंद, थेंब तर कित्येक आठवडे. आणि आपल्याकडं साखरपुडा, हळद, लग्न म्हणजे काय? तोंडाला हळद, डोक्यावरून पाणी, डोळ्यांत काजळ, कपाळावर अक्षतांचा मारा आणि शेवटी लाजाहोमाचा धूर. ताज्या शस्त्रक्रियेच्या डोळ्यांसाठी याहून वाईट महिना शोधून सापडायचा नाही. शिवाय लग्नानंतर वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे ही घाई. म्हणजे डोळे कोरडे पडले, नंबर थोडा परत आला, तर बाळंतपण आणि अंगावरचं दूध संपेपर्यंत पुढचं काही करता येणार नाही. या काळात ती सासरी असणार. नव्या घरात थेंबांच्या बाटलीचे पैसे मागायचे, दुपारी डोळे मिटून पडायचं. कोणत्या नव्या सुनेला हे जमतं?

सासरच्यांना चष्मा नको असतो त्यामागं एक कारण असतं, ते कुणी मोठ्यानं बोलत नाही: नातवंडांना लागेल. तर मैत्रिणींनो, लेसरनं पारपटलाचा आकार बदलतो, रक्ताचा वारसा नाही. आईचा चष्मा गेला तरी लेकराला नंबर लागायचा तर लागतोच. चष्मा नको म्हणणाऱ्यांनी स्वतःचीच फसवणूक करून घ्यायची, आणि तीही मुलीच्या बापाच्या खर्चानं. वर हे सगळं मुलाकडच्यांपासून लपवायचं ठरतं. म्हणजे मुलगी सासरी जाताना एक गुपित घेऊन जाणार. उद्या डोळे दुखले तर कशामुळं हे सांगायची चोरी.

खर्चाचंही एक सांगून ठेवते. आरोग्य विमा असला तरी साडेसात नंबराच्या आतला चष्मा घालवण्याचा खर्च त्यात धरत नाहीत, तो नियमच आहे. म्हणजे पैसे घरातूनच जाणार. आणि नोकरीच्या परीक्षा देणाऱ्या मुलींनी आधी त्या-त्या जाहिरातीतली वैद्यकीय अट वाचावी. रेल्वेत इंजिन चालवण्याच्या पदासाठी लेसर केलेला उमेदवार चालत नाही. सैन्यात, निमलष्करी दलांत प्रत्येक पदाचा नियम निराळा आहे. लग्नाच्या आशेनं एक दार उघडायचं आणि नोकरीचं दुसरं बंद करून बसायचं, असं नको व्हायला.

भाचीला घेऊन आम्ही सोलापूरला गेलो. वहिनी, मी आणि ती. डॉक्टरीणबाईंनी दीड-दोन तास वेगवेगळ्या यंत्रांवर तपासलं. डोळ्यांत थेंब घालून मागचा पडदा पाहिला. मग जुन्या चष्म्याचा कागद मागितला. वर्षापूर्वीचा नंबर पाऊण कमी होता. त्या म्हणाल्या, "नंबर अजून हलतोय. आत्ता नको. वर्षभरानं या, स्थिर राहिला तर बघू." वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "थोडं लवकर नाही का होणार? पाहुणे थांबलेत." डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "पाहुण्यांचा नंबर मी तपासलेला नाही."

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण कुणीतरी दुसऱ्या एका ठिकाणाचा पत्ता दिला. तिथं पंधरा मिनिटांत तपासणी झाली. जुना कागद कुणी मागितला नाही. 'लग्नसराईची सवलत' होती. कागदावर सही करायला माझ्या भावाला बोलावलं. मुलगी बावीस वर्षांची, पदवीधर, मतदान केलेली, आणि तिच्या डोळ्यांसाठी सही बापाची! भाचीनं तो कागद हातात घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. "घरी वाचते," म्हणाली. घरी वाचला, आम्हाला वाचून दाखवला आणि सही केली नाही.

सहीचा मुद्दा क्षुल्लक नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 16 जानेवारी 2008 रोजी निकाल दिला, तो प्रत्येक बाईला ठाऊक असायला हवा. 1995 साली 44 वर्षांची एक अविवाहित बाई तपासणीसाठी दवाखान्यात गेली. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. न्यायालयानं सांगितलं, की रुग्ण सज्ञान असेल आणि जिवावरचा प्रसंग नसेल तर तिच्या वतीनं दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही, आईचीही नाही. तपासणीला दिलेला होकार म्हणजे शस्त्रक्रियेला होकार नव्हे. आणि संमती म्हणजे नुसती सही नाही. काय करणार, त्यात धोका काय, दुसरा उपाय काय, न केल्यास काय होईल, हे समजेल अशा भाषेत सांगितल्यावर दिलेली ती संमती. चष्म्याच्या बाबतीत न केल्यास काय होईल, तर काहीही होणार नाही. चष्मा राहील. हे वाक्य त्या दुसऱ्या ठिकाणी कुणी उच्चारलं नाही.

आमच्या मराठवाड्यात बायकांच्या शरीरावर सुरी चालवण्याचे निर्णय इतरांनी घेण्याची सवय किती खोल आहे, हे बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांच्या बातम्यांनी 2019 साली सगळ्या देशाला दिसलं. कामाचा खाडा नको म्हणून गर्भपिशवी काढायची, स्थळ जायला नको म्हणून चष्मा काढायचा. पहिल्यातलं दुःख दुसऱ्याला नाही, मला ठाऊक आहे, आणि दोन्ही एका मापानं मी मोजत नाही. पण निर्णय घेणारे हात ओळखीचे वाटतात.

भाचीनं सही केली नाही म्हणून घरात आठ दिवस अबोला होता. स्थळ गेलं. ते चष्म्यामुळं गेलं की आणखी कशामुळं, कुणी सांगितलं नाही. असं कुणी सांगत नसतंच. वहिनींना दोष द्यावा असं मला आजही वाटत नाही. एका मुलीचं लग्न वेळेवर होईना म्हणून गाव त्यांना काय काय ऐकवतं ते मी ऐकलं आहे. चाळीस वर्षं टीव्ही आणि सिनेमा पाहिलेली बाई आहे ती. चष्मा काढून केस मोकळे सोडले की नायिका सुंदर होते, हे तिच्या डोक्यात कुणी भरलं? 2003 साली 'जस्सी जैसी कोई नहीं' घरोघरी लागायची. जस्सी हुशार होती, प्रामाणिक होती, पण शेवटी तिलाही चष्मा आणि दातांची तार काढूनच पडद्यावर सुंदर व्हावं लागलं.

त्या अबोल्याच्या दिवसांतच मी आईचा विषय काढला. म्हटलं, "दादा, पंचावन्न हजार वाचलेत. आईचा डोळा तर फुकटात होतो." भाऊ ओशाळला. वाईट माणूस नाही तो. त्याच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. घराघरांतून असंच होतं. म्हाताऱ्या बाईला दिसेनासं झालं की घर त्याला वय म्हणतं. म्हाताऱ्या पुरुषाला दिसेनासं झालं की तो आरडाओरडा करतो आणि दवाखान्यात जातो. जगात दृष्टी गमावलेल्यांत सुमारे 55 टक्के स्त्रिया आहेत. त्या जास्त जगतात हे एक कारण. पण उपचारापर्यंत पोचत नाहीत हे दुसरं, आणि ते आपल्या हातातलं आहे.

'पिकू द्या' ही समजूतही आता सोडायला हवी. पूर्वीच्या शस्त्रक्रियेला मोतीबिंदू पिकावा लागायचा. आता लागत नाही, उलट फार पिकला तर शस्त्रक्रिया अवघड होते. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते, शिबिरांतून नेऊन-आणून करतात. आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि शिबिरांतून केलेल्या कामामुळं ही शस्त्रक्रिया या भागात खेडोपाडी माहीत झाली आहे. माहीत आहे, पण घरातल्या बाईसाठी आठवत नाही, एवढंच. आणि आईसारख्या बायका स्वतःहून मागत नाहीत. 'मला काय बघायचंय' असं म्हणायला आपण त्यांना आयुष्यभर शिकवलेलं असतं.

लेसर करावं की नाही, असं मला परवा एका मैत्रिणीनं विचारलं. मी म्हटलं, बघायला येणाऱ्यांची तारीख ठरलेली असेल तर नाही. त्या वर्षी नाहीच. नंबर स्थिर असेल, तपासणी निवांत झाली असेल, पैसे कुणाच्या उपकाराचे नसतील, आणि करणारीला स्वतःला डोळ्यांवर चष्मा नकोसा झाला असेल, तर खुशाल करावं, आणि कुणापासून लपवू नये. तोवर मुलगी बघायला येणाऱ्यांसमोर मुलीनं चष्मा लावूनच यावं. निदान समोर कोण बसलंय ते तिला दिसेल.

फेब्रुवारीत आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा आम्ही सगळे भोवती उभे होतो. ती एकेकाकडं बघत गेली. माझ्या भावाला म्हणाली, "किती पांढरा झालास रे." वहिनींच्या साडीचा रंग विचारून खात्री करून घेतली. मग भाचीला जवळ ओढलं, तिच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं, आणि पदराचं टोक पुढं करत म्हणाली, "चष्मा किती घाण केलाय गं. आण इकडं, पुसून देते."

डाव्या डोळ्याची तारीख मिळाली आहे. भाचीचा नंबर पुन्हा तपासायचा आहे, त्याला अजून काही महिने आहेत. पंचावन्न हजार तिच्या नावावर बँकेत ठेवलेत. त्याचं काय करायचं ते तिनं अजून आम्हाला सांगितलेलं नाही, आणि आम्हीही विचारत नाही.